कामाची आवश्यकता स्पष्ट व्हावी

नाना, तुमच्या फोटोला हार त्याने घातला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

फोटो दसऱ्याचा. विभागात कपाटांची पूजा झाली होती, तेव्हा सगळ्यांचा मिळून काढलेला. त्यातून तुमचा चेहरा कापून मोठा केला, तर तुमच्या खांद्यावर कुणाचीतरी बोटं तशीच राहिली. नीट बघितलं तर ओळखू येतात. आपल्या ऑफिसातल्या शिंद्यांची अंगठी आहे त्यात. शोकसभेला वैनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी तुमचे धाकटे भाऊ. तो माइकवर गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "तांडेल म्हणजे माझे कान होते. ऑफिसमध्ये कुठे काय चाललंय, कोणाच्या मनात काय आहे, हे मला त्यांच्यामुळे कळायचं. असा विश्वासू माणूस आता मिळणार नाही."

वैनींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना ते कौतुक वाटलं.

मी मागच्या एका रांगेत होते. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. माणूस गेल्यावरही त्याच्यावरचा डाग आणखी एकदा ठळक करायचा, तोही त्याच्या बायकोसमोर, तोही गोड आवाजात. हे सुचायलासुद्धा एक जात लागते माणसाची.

त्या साहेबाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुमच्या नावाच्या शेजारी ते नको. आमच्या घरी रोज संध्याकाळी आई बुद्धवंदना म्हणते, मीही तिच्याबरोबर बसते, वैराने वैर शमत नाही हे मला लहानपणापासून पाठ आहे. सध्या मी त्या शिकवणीत नापास आहे. मला त्याचं वाईट झालेलं बघायचंय, नाना, आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेलं बघायचंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ऱ्हाऊ दे गो बाय." तुमच्या त्या 'ऱ्हाऊ दे'शीच माझं भांडण आहे. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात.

मी परभणीकडून आले तेव्हा या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं. करंजाडेला खोली, बेलापूरला ऑफिस, आणि डब्यात ज्वारीची भाकरी न् ठेचा. पहिल्या दिवशी लंच रूममध्ये मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आडनाव ऐकल्यावर लोक डबा पुढे करतात की मागे घेतात, याचा अनुभव घेऊनच मी आले होते. तुम्ही मला आडनाव विचारलंच नाही. स्वतःचा डबा उचलून समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "भाकर दे तुजी. आनि ह्या खा. निवटी हायेत, आपल्या करावेच्या खाडीची मासली. नाक मुरडलीस त आजपासून कट्टी."

मी नाक मुरडलं. तुम्ही कट्टी केली नाही.

तुम्ही प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीला लागलेले. खिडकीतून खालचं पार्किंग दाखवून सांगायचात, "ती पांढरी गाडी उबी हाय ना, थंय आमचा मिठागर व्हता." त्यात दुःखाचा सूर नसायचा. घरात पूर्वी म्हैस होती हे सांगावं, तेवढ्याच सहज सांगायचात. नवे अधिकारी यायचे, जायचे, बदलून जायचे, आणि देखभाल-दुरुस्तीची प्रत्येक फाईल तुमच्या टेबलावरून वर जायची. तुमचा एक शेरा अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होता. एखादं काम उगाच काढलंय असं वाटलं की तुम्ही हिरव्या नाही, लाल नाही, साध्या निळ्या शाईने लिहायचात, 'कामाची आवश्यकता स्पष्ट व्हावी.' त्याखाली बारीक सही. ना आरोप, ना शिवी. फाईल परत. समोरच्याला खरं कारण लिहिता आलं तर ती पुढे जायची, नाही आलं तर कपाटात आपोआप म्हातारी व्हायची.

मग तो आला. कसा आला हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊंचा एक फोन, आणि रांगेतली सगळी ज्येष्ठ माणसं बाजूला सारून हा विभागप्रमुखाच्या खुर्चीत. भाऊ म्हणजे कोण हे नवी मुंबईत कुणी विचारत नाही, चौकाचौकात त्यांचे वाढदिवसाचे फलक असतात. यानेही आल्या आल्या केबिनमध्ये भाऊंबरोबरचा स्वतःचा फोटो लावला. छत्रपतींच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी थोड्या बाजूला सरकवून मधोमध जागा केली. तुम्ही मला आत फाईल घेऊन जाताना म्हणालात, "बग, भिंतीवर पन ओव्हरटेक केला."

त्याला विश्रांतीची खोली हवी होती. केबिनला लागून आपली लंच रूम. तिचे दोन भाग करायचे, वर दोन्हीकडे फॉल्स सिलिंग, अर्ध्यात साहेबांचा सोफा, एसी, आणि उरलेल्या अर्ध्यात आपण सगळ्यांनी कोंबून जेवायचं. काम भाऊंच्या भाच्याला द्यायचं हे आधीच ठरलेलं. फाईल तुमच्याकडे आली. तुम्ही लिहिलंत, 'कामाची आवश्यकता स्पष्ट व्हावी.'

मी तेव्हा तुमच्या शेजारीच बसले होते. म्हटलं, नाना, जाऊ द्या ना, एक सोफा तर आहे. तुम्ही म्हणालात, "सोफ्याचा मना काय नाय गो. पोरींना जेवाला बसाला जागा ऱ्हात नाय, त्याचा हाय." बस, एवढंच कारण होतं. त्या एका ओळीपायी त्याने तुमचं काय केलं ते बघा.

खोली झालीच. फाईल तुम्हाला वळसा घालून वरून मंजूर होऊन आली. अधीक्षकाची खुर्ची तुमची होती, ती भाऊंच्या कार्यालयात सतरंज्या उचलणाऱ्याच्या मुलाला मिळाली, ज्याला टिपणी कुठून सुरू करतात हे तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही त्याला पेढे दिलेत. मी दिले नसते. मी तो पेढा खाल्लाही नाही, तुमच्यासमोर कागदात गुंडाळून ठेवून दिला आणि तुम्ही माझ्यावर चिडलात.

पण बढती न मिळणं हे सरकारी माणूस पचवतो. त्याने पुढे जे केलं ते पचण्यासारखं नव्हतं.

लंच रूममध्ये शिंदे बोलून गेले होते, "ह्यो साहेब न्हाई, भाऊंची बाहुली हाय. चावी तिकडं फिरती, हात हिकडं हालत्यात." सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी त्याने शिंद्यांना आत बोलावलं आणि बाहुली कशी हालते ते विचारलं. मग शिंद्यांच्या मागोमाग स्वतः बाहेर आला, सगळ्या हॉलसमोर तुमच्या टेबलापाशी थांबला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "थँक्यू हां तांडेल. वेळेवर कानावर घातलंत."

तुम्ही नुसते वर बघत राहिलात. तुम्हाला कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. शिंद्यांना मात्र कळलं. महिना संपायच्या आत त्यांना लांबच्या गोदामावर टाकलं. पुढचा नंबर परब मॅडमचा. गावच्या जत्रेसाठी त्या आजारपणाची रजा टाकणार होत्या, हे त्यांनी भाजी वाढता वाढता सांगितलं होतं. रजा नामंजूर. वर पुन्हा तोच मोठा आवाज, "तांडेल म्हणाले मला, जत्रा आहे वाटतं गावाला."

त्यानंतर तुम्ही डबा घेऊन आलात की टेबलावर पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. नंतर त्याही बंद. एक दिवस परब मॅडमनी तुमच्या नेहमीच्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवली आणि काढलीच नाही. तुम्ही उभे होतात, हातात डबा. मग वळलात आणि हॉलमधल्या आपल्या कामाच्या टेबलावर जाऊन जेवलात. मी माझा डबा उचलून तुमच्याकडे आले, तर तुम्ही मला म्हणालात, "तू कशाला आलीस? तुजा नाव पन खराब होल."

आणि खरी मेख पुढे आहे. तुम्ही टेबल सोडलंत त्या दिवसापासून चहाड्या थांबल्या. एकही गोष्ट आत गेली नाही. शिंदे गोदामावरून परत आले तेव्हा त्यांना हे कुणीतरी मीठमसाला लावून सांगितलं, "बघा, तांडेल उठला आणि सगळं थांबलं." आणखी पुरावा कशाला हवा होता लोकांना?

मी तुमच्याशी किती भांडले. युनियनकडे जा म्हटलं. हॉलमध्ये उभं राहून ओरडून सांगा म्हटलं. तुम्ही चपातीचा तुकडा मोडत म्हणायचात, "मी नाय सांगला, आसं बोललू त कोन मानंल? जो चोरी करत नाय तो कवा बोलतो का, मी चोर नाय म्हनून? ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, मग खरा चहाडखोर शोधू. तुम्ही म्हणालात, "मंग मी पन आपल्या मानसांवर संशय घेवाचा? त्याला त्याच त पायजे." तुम्ही शिंद्यांवर, परब मॅडमवर, कुणावर म्हणजे कुणावर संशय घ्यायला तयार नव्हतात. ज्यांनी तुमच्या खुर्चीवर पिशवी ठेवली त्यांच्यावरसुद्धा. तुमचा हा मोठेपणा मला तेव्हाही सहन होत नव्हता आणि आता तर मुळीच होत नाही. मला तुमचा राग येतो, नाना. गेलेल्याचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो.

रविवारी सकाळी तुम्ही खाडीवरून आलात, पायरीवर बसलात, वैनींकडे पाणी मागितलंत, आणि पाणी येईपर्यंत गेलात. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. म्हणू देत. मी ते हृदय रोज दुपारी एकट्याने जेवताना बघितलंय.

तुमच्या घरी, करावेला, ऑफिसातून मी आले आणि ड्रायव्हर काका आले. बाकी कुणी नाही. काहींना तुमचा राग होता आणि काहींना आपण तिथे दिसलो तर काय, याची भीती होती. वैनी माझ्या गळ्यात पडल्या आणि थोड्या वेळाने दाराकडे बघून म्हणाल्या, "हापिसातली कोनीच नाय आली गो? एवढी वर्सा केली त्यांनी." मी म्हटलं, रविवार आहे वैनी, निरोप पोचला नसेल. खोटं बोलले. आणि तिथेच, तुमच्या अंगणात, ठरवलं की या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव धुऊन परत द्यायचं. तुम्ही नाही म्हणायला आता नव्हतात.

कसं द्यायचं हे मात्र ठाऊक नव्हतं. मंगळवारी तुमच्या टेबलाचा चार्ज मला दिला. त्या टेबलावर डबा उघडवेना. सगळे जेवून गेल्यावर मी लंच रूममध्ये गेले आणि तुमच्या जुन्या खुर्चीवर बसले, ती पार्टिशनला टेकलेली. पंखा बंद होता. खोलीत मी एकटी, तोंडात घास फिरत होता. आणि डोक्यावरून कुणीतरी जांभई दिली.

मी दचकून वर बघितलं. मग सोफा कुरकुरला. मग त्याचा आवाज, अगदी माझ्या शेजारी बसून बोलावा तसा. "हो भाऊ. नाही, जागा मोकळीच झाली आता. तुमचं कोण असेल तर नाव द्या."

घास तसाच राहिला. तो बोलत होता तुमच्या जागेबद्दल, पण माझं लक्ष त्या शब्दांपेक्षा आवाजाकडे होतं. इतका स्वच्छ आवाज येतोय म्हणजे मध्ये काहीच नाही. मी खुर्चीवर चढले आणि सिलिंगची एक फरशी हाताने उचलून बघितली. भाच्याने पार्टिशन फॉल्स सिलिंगपर्यंतच नेलं होतं. वर स्लॅबपर्यंत मोकळी पोकळी, इकडून तिकडे सरळ. वर कोण बघतंय, म्हणून अर्धं काम गिळून टाकलेलं.

म्हणजे कुणीच चहाड्या करत नव्हतं, नाना. तुम्ही संशय घ्यायला तयार नव्हतात ते बरोबर होतं. तो रोज दुपारी सोफ्यावर आडवा होऊन आपलं सगळ्यांचं बोलणं ऐकत होता. तुम्ही टेबल सोडल्यावर थांबला, कारण तुम्ही नसताना झालेलं बोलणं तुमच्या नावावर खपलं नसतं. आणि आपल्याला त्याचं कधी ऐकू आलं नाही, कारण आपलं टेबल कधी गप्पच बसलं नाही. पंखा, डब्यांची झाकणं, शिंद्यांचे विनोद, परब मॅडमच्या सुनेच्या तक्रारी. एवढ्या वर्षांत त्या खोलीत दोन मिनिटं शांतता झाली नव्हती.

दोन मिनिटं शांतता म्हटल्यावर मला पुढचं सुचलं.

गुरुवारी दुपारी चारला तुमची शोकसभा लागली. सगळे जेवायला बसले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, वर सभागृहात साहेबांसमोर होईल ते होईल. नाना या टेबलावर जेवायचे. जेवण झाल्यावर आपण इथेच दोन मिनिटं उभं राहू.

शिंदे म्हणाले, "मॅडम, मला ह्यात घिऊ नका. गोदामावर उंदरांबरं मी जेवलोय. कुनामुळं, तुमाला म्हाईत हाय."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसासाठी दोन मिनिटं तोंड बंद ठेवायला काय जातं हो तुमचं? जिवंतपणी तर त्यांच्यासमोर कितीतरी महिने बंद ठेवलंत."

ते लागलं त्यांना. परब मॅडम पुटपुटल्या, "उभे राहूया, काय बिघडतंय." मी पंखा बंद केला. सगळे उभे राहिले, कुणी मनापासून, कुणी घड्याळाकडे बघत. मी प्रार्थना केली नाही. मी एवढंच म्हणत होते, बोल. मेल्या, आज फोन कर आणि बोल.

आधी काहीच नाही. मग सोफा कुरकुरला. शिंद्यांनी मान वर केली.

"बोला भाऊ." आवाज असा आला की परब मॅडमचा हात छातीवर गेला. "नाही, पडलोय जरा. आज शेजारी एकदम चिडीचूप आहे. मेले का सगळे, कळत नाही. एरवी रोज रेडिओ चालू असतो आमचा, फुकटचा." मग तो हसला. "ते आहेच. पण आता ऐकून तरी काय करू? ज्याच्या नावावर खपवायचो तो तर गेला. नवा तांडेल शोधायला लागेल."

दोन मिनिटं केव्हाच झाली असतील. मी पंखा लावला नाही. परब मॅडम हळूच पुढे झाल्या, तुमच्या खुर्चीवर त्यांची पिशवी त्या दिवशीही होती, ती उचलून त्यांनी पोटाशी धरली. शिंदे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्यांचे खांदे हलताना बघून मला कीव आली नाही. मला बरं वाटलं. रडा म्हटलं. वेळेवर रडला असतात तर नानांना ऐकू आलं असतं.

ही बातमी तासाभरात विभागभर झाली. म्हणून चारला, तो माइकवर "तांडेल म्हणजे माझे कान होते" म्हणाला तेव्हा, वैनी आणि तुमचे भाऊ सोडले तर सभागृहातल्या प्रत्येकाला ते कान कुणाचे ते माहीत होतं. पुढ्यातल्या रांगांतून एक बारीक सळसळ गेली. त्याला ती शोकाची वाटली असणार.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू."

उभे राहिलो. त्याने डोळे मिटले, वेळ झाल्यावर उघडले आणि म्हणाला, "धन्यवाद. बसा."

कुणी बसलं नाही.

हे आम्ही ठरवलं नव्हतं, नाना, शपथ घेऊन सांगते. मी फक्त स्वतःपुरतं ठरवलं होतं. पण माझ्या पुढे शिंदे उभे होते, पलीकडे परब मॅडम, मागे शिपाई, टायपिस्ट, ड्रायव्हर काका, सगळे. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो हसला. "बसा, बसा." स्वतः बसला, म्हणजे आपण बसू असं त्याला वाटलं. मग एकटाच बसलाय हे कळल्यावर पुन्हा उठला. माइक चाचपला. मग त्याचं लक्ष वैनींकडे गेलं. "ताई, तुम्ही तरी बसा."

वैनींनी मागे वळून बघितलं. एवढी माणसं त्यांच्या माणसासाठी उभी. कशाकरता उभी, ते त्यांना अजून माहीत नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मानसा उबी हाईत साहेब. मी कशी बसू?"

त्याचा चेहरा मी मनात जपून ठेवलाय. रागावलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता सुरुवातीला. हिशेब करत होता. कुठून फुटलं, कोणी सांगितलं, हे एकेका चेहऱ्यावर शोधत होता. आमच्यात चहाडखोर शोधत होता, नाना! जी खाज त्याने आम्हाला लावली होती तीच त्याला चढताना मी डोळ्यांनी बघितली. मग अर्जंट फोनचं निमित्त करून तो निघून गेला. दार बंद झाल्यावर शिंदे पुढे आले आणि वैनींसमोर हात जोडून सगळं बोलले. बाहुलीपासून रेडिओपर्यंत. बोलताना एकदाही स्वतःला सोडलं नाही. वैनींनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हनून ते घरान येवून परत जेवाचे. मना वाटला, माजे हातचा आवडतं म्हनून."

त्या वाक्याची शिक्षा त्याला कुणीच देणार नाही. चौकशी लागली तरी भाऊ आहेत. बदली झालीच तर आणखी चांगल्या जागी होईल. मला माहीत आहे. म्हणून माझा राग शोकसभेने निवला असं समजू नका. बाराव्याला अख्खा विभाग करावेला आला, पंगतीत शिंदे वाढत होते, तेही मी लांबूनच बघितलं. त्यांना तुम्ही केव्हाच माफ केलं असतंत. मी अजून विचार करतेय.

पण रोज दुपारी मी आता टेबलावर जेवते. तुमची खुर्ची रिकामी ठेवतो आणि आम्ही बोलतो. मुद्दाम, मोठ्याने, वर तोंड करून. तुमच्याबद्दलच बोलतो. नानांनी निवटी कशी खायला लावली, नाना भिंतीवरच्या फोटोला काय म्हणाले. शिंदे रोज शेवटी विचारतात, "साहेब, आवाज येतोय न्हवं?" पलीकडे सोफा कुरकुरतो आणि केबिनचं दार आपटतं. त्याची दुपारची झोप गेली, नाना. तेवढी तरी गेली.

आणि आज सकाळी माझ्या टेबलावर, म्हणजे तुमच्याच टेबलावर, एक फाईल आली. वर लाल अक्षरात 'तातडीचे'. विषय, साहेबांच्या विश्रांती कक्षाचे पार्टिशन स्लॅबपर्यंत नेणे. काम पुन्हा भाच्यालाच. गंमत बघा, मागच्या बिलात हेच पार्टिशन स्लॅबपर्यंत नेल्याचं दाखवून पैसे दिलेले, आणि मोजमाप बरोबर असल्याची सही त्याची स्वतःची. घाईघाईत त्याला त्याचं भान राहिलं नाही. झोप नसली की होतं असं.

तुमचं निळं पेन ड्रॉवरमध्ये होतं. मी जुन्या बिलाची प्रत फाईलला वरच लावली. खाली लिहिलं, 'सदर काम यापूर्वीच पूर्ण झाल्याचे आपण प्रमाणित केले आहे. तरी आता ते पुन्हा करण्याच्या कामाची आवश्यकता स्पष्ट व्हावी.' बारीक सही केली, आणि शिपायाच्या हाती न देता स्वतः आत जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवली. तो वाचत होता तोवर उभी राहिले. त्याने वर बघितलं.

"बसा ना मॅडम," तो म्हणाला.

मी बसले नाही.